पाय ठेवायचा की काढायचा, हे एकट्या डॉक्टरवर सोडू नका



आधी शेताची खबर. कर्जत-३ झोडून घरात आलं. खाचरात ओल होती तोवर वाल टाकून घेतला, उगवण बरी आहे. माथेरानच्या डोंगराकडून सकाळी गार वारा येतोय, दव पडतंय, वालाला ते मानवतं. ज्यांची मळणी राहिलीय त्यांच्याकडे मशीन रात्री उशिरापर्यंत चालू असतं. त्या आवाजावरूनच आजचा विषय सुचला.

मळणी मशीन, पॉवर टिलर, ग्रास कटर आता वाडीवाडीत आलेत. मजूर मिळत नाही, आणणार नाही तर काय करणार? पण या यंत्रांत हातपाय जातात. मळणी मशीनच्या अपघातांमुळेच केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. खालापूरच्या बाजूला त्यात एक्स्प्रेसवेची आणि कारखान्यांची भर. अपघात टाळायचा कसा, यावर पुन्हा कधी लिहीन. आज त्याच्या पुढचं लिहितो, कारण त्यावर आपल्यात कोणी बोलत नाही.

हात किंवा पाय पार चेचला, हाड बाहेर आलं, कातडी सोलून निघाली, तर तो अवयव ठेवायचा की काढायचा? माझं स्पष्ट मत आहे की हा निर्णय एकट्या डॉक्टरने घेऊ नये. व्हरांड्यात जमलेल्या भाऊबंदांनी तर मुळीच घेऊ नये. तो चार-पाच जाणकारांनी एकत्र बसून, पेशंटशी बोलून घ्यावा.

का, ते बघा. भात पिवळं पडलं तर कारण एकच असतं का? पाणी साचलं असेल, जस्त कमी असेल, खोडकिडा असेल, करपा असेल. एकट्या औषध दुकानदाराला विचारलं तर तो बाटलीच देणार. चेचलेल्या पायाचंही तसंच आहे. हाडाचा डॉक्टर हाड बघतो. रक्तवाहिनी तुटली असेल तर ती जोडणारा वेगळा. उघड्या हाडावर मांस आणि कातडी आणून बसवायचं काम प्लास्टिक सर्जनचं. एवढं लांबलचक ऑपरेशन पेशंटला झेपेल का, हे भूल देणारा सांगणार. पुढे तो पाय चालता करायचा तर व्यायाम करून घेणारा लागतो, आणि पाय काढावाच लागला तर कुठून काढला म्हणजे नकली पाय नीट बसेल, हे तो पाय बनवणाऱ्याला जास्त कळतं. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो, पण एकट्याला सगळं दिसत नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये हाडाचे आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर पहिल्यापासून एकत्र काम करतात. रक्तपुरवठा शाबूत असलेल्या, पण नडगीचं हाड मोडून उघडं पडलेल्या पायासाठी त्यांनी गुणांची पद्धत काढली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. कातडी, हाड आणि स्नायू-नसा या तिन्हींना नुकसानीप्रमाणे १ ते ५ गुण. शिवाय सात गोष्टी अशा, की त्यातली जी असेल तिचे २ गुण वाढतात. वय ६५ च्या वर, औषधावर असलेला मधुमेह, जखम धुवायला १२ तासांहून जास्त उशीर, असं. त्या सातांत एक गोष्ट आहे शेणामातीत, शेतात झालेली जखम. म्हणजे चिखलातल्या पायाला सुरुवातीलाच २ गुण जास्त, कारण त्या जखमेत जंतू जास्त असतात.

बेरीज १४ किंवा कमी आली तर पाय वाचवायला जातात. १७ किंवा जास्त आली तर बहुधा काढावा लागतो. मधे १५-१६ आले की गुण उत्तर देत नाहीत, तिथे माणसांनी बसून ठरवायचं. इंग्लंडमध्येही उघड्या फ्रॅक्चरसाठी डॉक्टरांच्या संघटनांनी नियम घातलाय, की पाय काढायचा निर्णय शक्य असेल तेव्हा दोन वेगळ्या शाखांच्या वरिष्ठ डॉक्टरांनी मिळून घ्यावा.

मुंबईतलं उदाहरणही आठवत असेल. २०१४ साली घाटकोपर स्टेशनात एका मुलीचे दोन्ही हात रेल्वेखाली गेले. २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात तिला दुसऱ्याचे दोन्ही हात जोडले. चेन्नईत मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी ते दिले होते. ते एका डॉक्टरचं काम नव्हतं, मोठी टीम होती. आणि एवढं करूनही पुढे वर्षानुवर्षं व्यायाम आणि औषधं आलीच.

आता कडू बोलतो. आपल्यात समज आहे की पाय वाचला म्हणजे जिंकलो आणि काढला म्हणजे हरलो. अमेरिकेत ८ मोठ्या हॉस्पिटलांतल्या, पाय चेचलेल्या ५६९ लोकांवर अभ्यास झाला, २००२ साली तो छापून आला. दोन वर्षांनी बघितलं तर पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोघांच्या जगण्यात फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे जेमतेम निम्मे लोक कामावर परतले होते. जास्त हाल कोणाचे? ज्यांचं शिक्षण कमी, पैसा नाही, पाठीशी माणूस नाही त्यांचे. हे वाचून मला आपलीच माणसं दिसली.

आमच्या शेजारच्या वाडीतला एक गडी आहे, चाळिशीचा. चिखळणीत टिलरच्या पात्यात पाय गेला. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले पाय वाचवतो, घरच्यांनी हात जोडले. दोन वर्षांत सात ऑपरेशनं झाली, दीड एकर गेली. पाय आहे, पण घोट्यात वळत नाही आणि पावसाळ्यात जखम वाहते. लावणीच्या दिवसांत तो बांधावर बसून असतो. डॉक्टरांनी मनापासून केलं असेल, मला त्यात शंका नाही. पण किती ऑपरेशनं लागतील, किती वर्षं जातील, शेवटी हा चिखलात उभा राहील का, हे पहिल्या आठवड्यात त्याला कोणी सांगितलं नाही आणि तू पोटापाण्याला काय करतोस, हेही कोणी विचारलं नाही. सगळं ऐकून त्याने पाय ठेवायचाच म्हटलं असतं, तर तो त्याचा हक्क होता. पण निवड त्याच्यासमोर आलीच नाही.

याचा अर्थ पाय काढा असा काढू नका. उलटंही होतं. प्लास्टिक सर्जन जवळ नाही म्हणून वाचण्यासारखा हात काढला जातो, तेही तितकंच वाईट. नीट बसलेला नकली पाय शेतकऱ्याला चालतो. १९६८ साली जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवलेला पाय अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, पाण्यात उतरता यावं यासाठीच होता. आपल्याला जवळ म्हणजे मुंबईत हाजीअलीची पुनर्वसन संस्था, १९५५ पासूनची.

कोणी म्हणेल, रक्त वाहतंय आणि तुम्ही मीटिंग कसली भरवताय? बरोबर आहे. जीव जात असेल तर समोरच्या डॉक्टरने ठरवावं, जीव पहिला. तुटलेल्या रक्तवाहिनीलाही वेळ नसतो, मांसल भागाला रक्त मिळालं नाही तर साधारण सहा तासांत तो मरायला लागतो. पण रक्तपुरवठा चालू असेल तर बहुतेक वेळा पहिलं काम जखम धुणं आणि हाड स्थिर करणं हेच असतं. पुढचं ठरवायला एक-दोन दिवस मिळतात. तेवढ्यात टीम बसू शकते.

आपली खरी अडचण वाटेची आहे. माथेरानात ॲम्ब्युलन्स सोडली तर पेट्रोल-डिझेलची गाडी चालत नाही. डोंगरातल्या वाड्यांवरून माणूस झोळीतून खाली आणावा लागतो. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीला मदत पायीच पोचली, ते सगळ्यांनी पाहिलं. तालुक्याच्या दवाखान्यात सगळे तज्ज्ञ असणं शक्य नाही, तो कोणाचा दोष नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. चेचलेल्या हातापायाचा पेशंट पहिल्या सरकारी दवाखान्यात आला की तिथूनच फोटो आणि एक्स-रे मोठ्या हॉस्पिटलच्या टीमला जावेत आणि कुठे पाठवायचं हे तेव्हाच ठरावं. वालावरच्या किडीचा फोटो आपण कृषी केंद्राला पाठवतो आणि तासाभरात उत्तर मिळतं. पायाला ते का मिळू नये?

तोवर आपल्या हातात एवढं आहे:

१. रक्तावर स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. हळद, माती, चहापूड काही लावू नका. १०८ ला फोन करा. अपघाताची वेळ लिहून ठेवा.

२. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लावू नका, मांस मरतं.

३. डॉक्टरांना विचारा: इथे प्लास्टिक सर्जन आणि रक्तवाहिनीचे डॉक्टर आहेत का? नसतील तर कुठे पाठवता? किती ऑपरेशनं, किती महिने, किती खर्च? शेवटी हा शेतात काय करू शकेल?

४. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला बाजूला ठेवून ठरवू नका. पाय त्याचा आहे.

५. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाताने एक अवयव निकामी झाल्यास १ लाख, दोन झाल्यास २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, उशीर करू नका.

कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळी हे पान वाचतात. त्यांना विनंती आहे, यंत्राच्या अनुदानाची माहिती द्यायला गावात याल तेव्हा या पाच गोष्टीही सांगा. टिलर घरात येण्याआधी त्या घरातल्या बाईमाणसालाही त्या माहीत असू द्या. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात तीच पहिली पोचते.