कॅन्सरची लस आणि धाराशिवच्या बायांचे देणे

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या आरोग्य खात्याने जाहीर केले की आम्ही कॅन्सरवर एमआरएनए लस तयार केली आहे आणि ती रुग्णांना मोफत देणार आहोत. तेव्हापासून आपल्या ग्रुपांवर तो मेसेज फिरतो आहे. 'कॅन्सर संपला', 'आता केमोची गरज नाही', खाली हात जोडलेले चार इमोजी. त्याच ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुसरा मेसेज येतो की एमआरएनए लस माणसाचा डीएनए बदलते, हा बिल गेट्सचा कट आहे, लेकरांना कोणतीच लस टोचू देऊ नका. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज पुढे पाठवणारा पोरगा बऱ्याचदा एकच असतो आणि त्याच्या डीपीला बाबासाहेबांचा फोटो असतो. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवले. म्हणून हा विषय नीट तपासू.

पहिल्यांदा खरे काय ते. एमआरएनए म्हणजे पेशीला दिलेली चिठ्ठी. अमुक प्रथिन बनव, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. पेशी ते बनवते, शरीराची संरक्षण यंत्रणा ते ओळखून ठेवते आणि चिठ्ठी थोड्या वेळात विरून जाते. पेशीच्या केंद्रकात, जिथे डीएनए असतो, तिथे ती जात नाही. कोविडमध्ये चिठ्ठीवर विषाणूच्या प्रथिनाचे वर्णन होते. कॅन्सरमध्ये रुग्णाची गाठ काढतात, तिच्या जनुकांत नेमका कुठे बिघाड झाला ते वाचतात आणि त्या बिघाडाच्या खुणा चिठ्ठीवर लिहितात. म्हणजे ही लस निरोग्याला आधीच टोचायची नाही, आजाऱ्याला द्यायची आहे, आणि प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवायची आहे. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लशीत एका रुग्णाच्या जास्तीत जास्त ३४ खुणा बसतात. त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरच्या १५७ रुग्णांवर तिची चाचणी झाली. नुसते कीट्रुडा हे औषध घेणाऱ्यांपेक्षा कीट्रुडा अधिक लस घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या १६ रुग्णांना अशीच लस दिली, त्यातल्या ८ जणांच्या शरीराने तिला दाद दिली. आकडे छोटे आहेत, आशा मोठी आहे. 'कॅन्सर संपला' असे यातल्या कुणाही शास्त्रज्ञाने म्हटलेले नाही.

ही लस 'गोऱ्यांची' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्यांच्या कामावर हे सगळे उभे आहे त्या कातालिन कारिको हंगेरीतल्या एका खाटकाच्या मुलगी. अमेरिकेतल्या विद्यापीठाने १९९५ मध्ये त्यांना पदावरून खाली उतरवले होते. २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. बायोएनटेक काढणाऱ्या उगुर शाहीन यांचे वडील तुर्कस्तानातून जर्मनीत फोर्डच्या कारखान्यात मजुरीला आले होते. गुणवत्ता कुणाच्या घरात जन्माला येते, यावर आपल्याकडे आरक्षणविरोधक जी प्रवचने देतात, त्यांना ही दोन नावे पुरेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. 'आपण मागासलेल्या भागातले, आपला या संशोधनाशी काय संबंध?' असे ज्याला वाटते त्याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास ठाऊक नाही. धाराशिवला खेटून बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, आणि तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. खेड्यातल्या बाईला कोणता कॅन्सर होतो, ती दवाखान्यात कधी पोहोचते, किती दिवस जगते, हे भारताला पहिल्यांदा कळले ते या गावांमधून. गर्भाशयमुखाचा कॅन्सर या नोंदीत बायांमध्ये सर्वांत वरचा होता.

पुढे १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला, पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांची चार भागांत वाटणी केली. एका भागातल्या बायांची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्या भागात पॅप तपासणी, तिसऱ्या भागात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायांना आरोग्यशिक्षण दिले, तपासणी नाही. त्यांना तुलनेसाठी ठेवले होते.

एप्रिल २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बाया होत्या, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न केलेल्या गटात बाया कमी होत्या आणि मृत्यू ६४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. ही गोष्ट जगाला पहिल्यांदा आपल्या जिल्ह्याने दाखवून दिली. आज जागतिक आरोग्य संघटना तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीची शिफारस करते. तिच्यामागच्या पुराव्यात तुळजापूर-कळंबकडच्या, शेतात राबणाऱ्या, कधी नाव कुठे न छापलेल्या बायांचा वाटा आहे.

हा अभ्यास झाला ते बरेच झाले. चाचणीत दोष सापडलेल्या बायांवर उपचार झाले, जीव वाचले. 'सगळा कटच होता' असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण चौथ्या गटाचा प्रश्न तसा सुटत नाही. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये यावर जोरदार वाद झाला. तपासणी उपयोगी असते हे जगाला आधीपासून माहीत असताना एका गटाला तपासणीविना का ठेवले? बचाव असा होता की त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून 'काहीच नसणे' हाच तिथला नेहमीचा उपचार होता. हे वाक्य पुन्हा वाचा. तुमच्याकडे आधी काही नव्हते, म्हणून तुम्हाला काही न देणे नियमात बसते. बहिष्कृताची कालची वंचना हेच त्याचे आजचे माप. हा तर्क आपल्या ओळखीचा आहे. गावकुसाबाहेर हजारो वर्षे तोच चालला.

आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे काय होते? काम सगळ्या गावाचे, सरकारचे. मोबदला ठरलेला नाही, मिळेल तो तुकडा. बाबासाहेबांनी त्या व्यवस्थेवर घाव घातला, कारण ज्याचे श्रम घेतले त्याचा हक्क मान्य करायला ती तयार नव्हती. संशोधनासाठी शरीर देणे हेही श्रमच आहेत. ते घ्यायचे आणि फळ दुसरीकडे न्यायचे, तर नव्या कागदावरचे ते वतनच.

दुसरे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचे किती डोस पुरतात याचा अभ्यास देशातल्या काही केंद्रांवर सुरू झाला, त्यात बार्शीही होते. दोन डोस की तीन, एवढाच प्रश्न होता. त्याच वेळी आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेचा वेगळा लस प्रकल्प चालू होता. खम्ममच्या आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचे उघड झाले. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीचा घोळ खरा निघाला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळेच थांबवल्यामुळे दुसऱ्या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला आणि निघाले काय, तर एक डोसही जवळपास तितकेच संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च त्यामुळे एकदम खाली आला. ती बचत जगाला मिळाली आपल्या पोरींच्या दंडातून.

आणि परतफेड? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ सांगते की भारतात ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बाया १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. निकाल छापून दहा वर्षे उलटल्यानंतरची ही स्थिती.

तपासणी नसली की तिथे भीती धंदा करते. शेजारच्या बीडमध्ये काय झाले ते आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायांच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली की डॉक्टर सांगणार, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल. उचल घेऊन कोयता धरलेल्या बाईला पाळीत खाडा परवडत नाही, मुकादम दंड लावतो, ती तयार होते. या बाया कोणत्या जातींच्या आहेत हे मी सांगायला नको. व्हिनेगरची पाहणी, जिला काही रुपये लागतात, ती या बायांपर्यंत पोहोचली नाही. पण कॅन्सरचे नाव पोहोचले, ऑपरेशनच्या बिलासकट.

या पार्श्वभूमीवर एमआरएनएकडे बघा. गाठीचा नमुना, जनुकांचे वाचन, एकट्या रुग्णासाठी बनवलेली लस, सोबत लाखांच्या भाषेत बोलणारे कीट्रुडा. किंमत कुठे जाईल याचा अंदाज आपल्या देशी उदाहरणावरून येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कॅन्सरवर नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती काढली, २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. काम अभिमानाचे आहे. परदेशात तीन-चार कोटी लागतात, इथे साधारण चाळीस लाख, म्हणून तिला स्वस्त म्हणतात. महात्मा फुल्यांच्या नावाच्या आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे. उरलेले पस्तीस लाख लोहाऱ्याचा शेतमजूर कुठून आणणार?

म्हणून लस नको, असे म्हणायचे का? अजिबात नाही. हा कोणत्याही प्रयोगशाळेने ठरवलेला नियम नाही, हा राजकीय निर्णय आहे आणि तो बदलता येतो. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने बायर कंपनीच्या नेक्साव्हार या मूत्रपिंड-यकृताच्या कॅन्सरच्या औषधावर सक्तीचा परवाना दिला. महिन्याला २ लाख ८० हजारांचे औषध नॅटको कंपनीने ८,८०० रुपयांत दिले. कायदा तोच आहे, वापरायची इच्छा हवी. एमआरएनए लस बनवायचे तंत्रही आता परके राहिलेले नाही. पुण्याच्या जेनोव्हाने कोविडची देशी एमआरएनए लस बनवली, जी उणे तापमानाच्या फ्रीजरशिवाय, साध्या २ ते ८ अंशांत टिकते. म्हणजे उपकेंद्राच्या फ्रीजमध्येही. सार्वजनिक पैशातून जे ज्ञान उभे राहते त्यावर सार्वजनिक मालकी मागणे हे काही क्रांतिकारी बोलणे नाही, साधा हिशेब आहे.

उद्या या लशींच्या चाचण्या भारतात वाढतील तेव्हा कंपन्यांना रुग्ण लागतील, आणि उशिरा आलेले, आधी उपचार न परवडलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत. २०१९ च्या औषध चाचणी नियमांत चाचणीनंतरही औषध मिळण्याची तरतूद आहे, नुकसानभरपाईची आहे, दुर्बल घटकांची संमती चित्रित करण्याची आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे नियम माहीत आहेत? ॲट्रॉसिटीची कलमे आपल्याला पाठ असतात, ती हवीतच. पण आपल्या बाईचा अंगठा कोणत्या कागदावर घेतला जातो आहे हे वाचणारा पोरगाही वस्तीत हवा.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा म्हणून आपण पाठ केलेला ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी तळ्याचे पाणी ओंजळीत यायला १९२७ उजाडावे लागले, आणि त्यासाठी लोकांना चालत तळ्यापर्यंत जावे लागले. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्यास प्रोत्साहन देऊ, असे अर्थमंत्री म्हणाल्या. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ही देशी लस त्याआधीच तयार होती. ही लस एमआरएनएची नाही, जुन्या तंत्राची आहे, पण कॅन्सर रोखणारी आहे आणि आजची आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या, समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या किती मुलींना ती मिळाली, आईबापाची सही समजावून घेतली की खम्मम झाले, याची माहिती अधिकारात अर्ज टाकून आकडेवारी घ्या. तालुक्यानुसार घ्या. कॅन्सरच्या सरकारी अहवालांत वय, लिंग, जिल्हा दिसतो, जात दिसत नाही, तीही मागा.

आणि एक काम आजच, घरातच करता येईल. त्या अभ्यासातल्या बाया आज पन्नाशी ते ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या आपल्याच आज्या, मावश्या, आत्या आहेत. त्यांना विचारा की पंचवीस वर्षांपूर्वी गावात दवाखान्याची माणसे आली होती का, तपासले का, की नुसते नाव लिहून नेले. काय सांगून सही घेतली? नंतर कोणी परत आले का? गावाचे नाव आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. त्यांनी दिलेल्या पुराव्याचा निबंध अमेरिकेत छापला गेला. त्यांचे स्वतःचे म्हणणे अजून कुणी लिहून घेतलेले नाही.