पुढच्या वर्षी नक्की

हमद टाउनमधल्या आमच्या घरी पुस्तकांच्या फळीवर एक निळी फाइल आहे. तिच्यावर आमच्या कन्येने दुसरीत असताना खडूने काढलेला सिंह आहे आणि खाली 'आफ्रिका' असे लिहिले आहे. कन्या आता बारावीत आहे. सिंह बराच पुसट झाला, फाइल मात्र दरवर्षी जाड होते आहे.

इंजिनियर माणसाने सहल आखायला घेतली की काय होते, ते आमच्या सौ.ला विचारा. फाइलीत तक्ते आहेत. बहरीन ते नैरोबी सरळ रेषेत सुमारे ३,४०० किलोमीटर. दोन्हीकडची वेळ एकच, घड्याळाचा काटा हलवायला नको. मसाई माराचे राखीव रान १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या बहरीनच्या जवळजवळ दुप्पट. आणि 'सफारी' हा शब्द स्वाहिली असला तरी त्याचे मूळ अरबी 'सफर', जी आपल्या मराठीतही केव्हाच येऊन राहिली आहे. थोडक्यात काय, सगळे कसे जवळचेच!

जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत विल्डबीस्टचे कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून वर सरकत मारा नदी ओलांडतात. एकूण संख्या दहा लाखांच्या वर. पाऊस पडेल तिकडे गवत, आणि गवत तिकडे ते. आम्ही हे दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सोलापूरला फोनवर रंगवून सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे आपले धनगर मेंढरं घेऊन फिरतात तसंच की रे!"

आता खरी अडचण. मुलांच्या शाळेला सुट्टी असते जुलै-ऑगस्टमध्ये. कळपही तेव्हाच नदीवर येतात, आणि आपण सगळे इंडियाला जातो तेही तेव्हाच. रजा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दहा. एका वर्षी भाच्याचे लग्न, एका वर्षी पुण्याच्या फ्लॅटचा ताबा, एका वर्षी आमच्याच प्लँटमधले काम लांबले. २०२० साली तर आगाऊ पैसेही भरले होते, पण कोरोनाने विमानेच खाली बसवली. २०२२ मध्ये दादांच्या गुडघ्याचे ऑपरेशन. २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन परवानगी सुरू केली, तेव्हा आम्ही फाइलीतला व्हिसाचा फॉर्म काढून टाकला. त्या वर्षीची प्रगती एवढीच!

दर वेळी आम्ही मुलांना म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." गणपतीला निरोप देताना म्हणतो तसेच. फरक इतकाच, की गणपती खरोखर येतो.

तरीही सफारी आम्ही केलीच, दिवाणखान्यात. दोन हिवाळ्यांपूर्वी आई-दादा इथे आले होते. रात्री जेवणे झाली की चिरंजीव खुर्च्या दोन रांगांत मांडायचे आणि स्वतः ड्रायव्हर व्हायचे. सहा माणसे, प्रत्येकाला खिडकी. आई शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन बसायची आणि बजावायची, "सिंह येऊ दे नाहीतर हत्ती, आधी खाऊन घ्या." दिवे घालवले की दादा हळूच म्हणायचे, "इंजिन बंद कर. कोणी बोलू नका."

ते वाक्य आमच्या ओळखीचे होते. आमच्या लहानपणी दादा आम्हाला स्कूटरवरून नान्नजच्या माळावर न्यायचे. माळढोकासाठी अभयारण्य म्हणून १९७९ साली राखलेला तो माळ. तिथेही ते स्कूटर बंद करून असेच म्हणायचे. मग दूर गवतात एक उंच मान दिसायची. काळवीट तर कितीतरी.

आमच्या मुलांनी माळढोक पाहिलेला नाही. दर सुट्टीत 'पुढच्या वेळी जाऊ' म्हणत आम्ही लग्नाच्या पंगतींतच अडकलो. आता साऱ्या देशात तो दीडशेच्या आत उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. आम्ही पाहिलेली उंच मान मुलांना दाखवायची आमची वेळ बहुधा निघून गेली.

त्याच हिवाळ्यात दादांना घेऊन आम्ही अल अरीनला गेलो. घरापासून गाडीने जेमतेम वीस मिनिटे. बसच्या खिडकीतून पांढरे ऑरिक्स दिसले, लांब सरळ शिंगांचे. बाजूने पाहिले तर दोन शिंगांचे एकच वाटते. हा प्राणी १९७२ च्या सुमारास रानातून पार नाहीसा झाला होता. त्याच्या दहा वर्षे आधी काही लोकांनी मोजके ऑरिक्स पकडून अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवायला घेतले होते, म्हणून १९८२ साली ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडता आले. दादांनी हे सगळे ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाले, "वेळेवर केलं त्यांनी."

या दिवाळीला फोनवर आम्ही पुन्हा फाइल काढली. दादा आता ऐंशीचे. पीतज्वराची लस साठीच्या पुढे देताना डॉक्टर दहादा विचार करतात, आणि त्या लसीच्या दाखल्याशिवाय केनियातून भारतात परतणाऱ्याला अडवून ठेवतात. शिवाय त्या रस्त्यांवर जीपचे धक्के. आम्ही म्हटले, "दादा, काहीतरी मार्ग काढू, एखादं वर्ष थांबू." तर ते म्हणाले, "माझं नाव खोड त्या कागदावरून. पोरगी शिकायला बाहेर गेली की चौघंही एकत्र यायचे नाहीत तुम्ही. माझ्यासाठी थांबलास तर नान्नजसारखं होईल बघ."

फोन ठेवल्यावर आम्ही उभयता बराच वेळ गप्प बसलो. मग सौ.ने फाइल उघडली आणि सहाच्या जागी चार केले. खाली तारीख लिहिली, पेन्सिलने नाही, शाईने.

गेल्या आठवड्यात आम्ही चौघांनी लस टोचून घेतली. २०१६ पासून तिचा दाखला तहहयात चालतो. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे सहल परत लांबली तरी लस वाया जाणार नाही!" त्यावर सौ.ने अशी नजर टाकली, की सिंह पाहायला आफ्रिकेत जायची गरजच उरली नाही.

दादांनी एकच काम सांगितले आहे. नदीच्या काठी इंजिन बंद करायचे, कोणी बोलायचे नाही, आणि नंतर त्यांना फोनवर सगळे सांगायचे.