पिण्याच्या बाटल्यांतून होणारी थिनर व फिनाईलची सुटी विक्री थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

महोदय,

डाग काढण्याचे थिनर, टर्पेंटाईन आणि फरशीचे फिनाईल जिल्ह्यातील आठवडे बाजारांत आजही सुटे विकले जाते, तेही पाण्याच्या व कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत. मागील निवेदनानंतर संबंधित विभागाने तपासणीचे आश्वासन दिले होते. पावसाळ्यानंतर मोहीम निघणार होती. पावसाळा सरला, बाटल्या जागच्या जागी आहेत.

'पालकांनी लक्ष ठेवावे' हे उत्तर आम्हाला पाठ झाले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. ही चूक लसीकरण केंद्रावर, नेमलेल्या कर्मचाऱ्यांकडून झाली. त्यांची गफलत होऊ शकते, तर पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखेच दिसणारे थिनर दोन वर्षांच्या मुलाने ओळखावे ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? शिवाय थिनर आणि रॉकेल पोटापेक्षा फुफ्फुसाला अधिक घातक असते. पातळ असल्याने ते ठसक्यासरशी श्वासनलिकेत उतरते आणि थोडेसेही न्यूमोनिया करते. घाबरलेले घरचे लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात, तेव्हा तेच द्रव दुसऱ्यांदा घशातून येते आणि धोका वाढतो. मूल सुरुवातीला बरे दिसले तरी खोकला, धाप काही तासांनी सुरू होऊ शकते; म्हणून किमान सहा तास देखरेख लागते. सातपुड्याच्या पाड्यावरून घाट उतरून दवाखाना गाठायचा, तर त्यातले किती तास रस्त्यातच जातात, हे आपणास सांगायला नको. 'उलटी करवू नका' एवढे वाक्य पावरी व भिलीत ध्वनिमुद्रित करून बाजारात ऐकवण्याचेही ठरले होते. आले ते मराठीतले छापील पत्रक, तेही कार्यालयाच्या फलकावर.

सुटी विक्री बंद केल्यास गरिबांना वस्तू महाग पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण आमची मागणी विक्रीबंदीची नाही, बाटलीची आहे. लहान, सीलबंद, विषाचे चिन्ह असलेली बाटली सक्तीची करा. थोडा माल थोड्या पैशांत मिळत राहील. जो खर्च वाढेल तो घाऊक विक्रेत्याने सोसावा, हातगाडीवाल्याने नव्हे.

एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक प्रत्येक उपकेंद्रावर व आशाताईंकडे असावा. अंगणवाडीतील फिनाईल कुलपात ठेवावे.

तपासणीची तारीख आम्हाला लेखी कळवावी. तोंडी आश्वासन यावेळी स्वीकारले जाणार नाही.

आपले विश्वासू,
पालक व ग्रामस्थ, अक्कलकुवा व अक्राणी तालुके