डॉक्टरचाही सातबारा पाहावा



दोन गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा झाला तरी आपला माणूस आधी तलाठ्याकडे जातो. सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, सोसायटीचा बोजा आहे का, बहिणींच्या सह्या झाल्या का, याची चार ठिकाणी चौकशी करतो. भाताचे बियाणे आणले तर पिशवीवरची चिठ्ठी आणि पक्की पावती देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतो. उद्या उगवले नाही तर भांडायला कागद हवा ना! बैल घेतानासुद्धा दात पाहिल्याशिवाय विसार देत नाही.

पण घरात कोणाला ताप आला की हाच चौकस माणूस काहीही न विचारता दंड पुढे करतो. सुई कसली? विचारत नाही. पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या कसल्या? तेही नाही. टोचणारा कोण, शिकला किती, हे तर विचारायचेच नाही. डॉक्टरला असे विचारणे म्हणजे त्याचा अपमान, अशी आपली समजूत.

ही समजूत किती महाग पडते ते आमच्या आळीने एका पावसाळ्यात पाहिले. लावणीचे दिवस होते. खारीतल्या शेतात दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या एका काकींना तिसऱ्या दिवशी ताप चढला. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की पाऊल टाकवेना. मोटारसायकलवरून गावोगाव फिरणारा एक ‘डॉक्टर’ होता, त्याला बोलावले. त्याने दोन सुया टोचल्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात चार गोळ्या बांधून दिल्या, पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा शेतात! सगळ्यांना वाटले, काय गुण आहे याच्या हाताला.

त्यानंतर दोन दिवसांनी ताप परत आला. डोळे लाल-पिवळे झाले, लघवी कमी झाली. सरकारी दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “आधी काय टोचले होते?” घरचे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, “बाटली पांढरी होती.” दुसरा म्हणाला, “झाकण लाल होते.” यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी समजावले, की चिखलातून येणाऱ्या लेप्टोसारख्या तापात मूत्रपिंडावर आधीच भार असतो. त्यात अंगदुखीची काही औषधे पडली तर तो भार वाढतो. म्हणून आधी काय दिले, कधी दिले, किती दिले, हे कळायला हवे होते.

काकी वाचल्या. पण पंधरा दिवस खाटेवर गेले, गळ्यातली माळ गहाण पडली. पुढे चौकशी केली तेव्हा समजले, की तो ‘डॉक्टर’ पूर्वी एका दवाखान्यात पुड्या बांधायला होता.

त्याला चार शिव्या देऊन आपण मोकळे होऊ. पण तो आला का, हेही पाहिले पाहिजे. आपला किनारा अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत खाड्यांनी तोडलेला. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण जायचे तर खाडीला वळसा. आरोग्य केंद्र लांब, पावसात एस.टी.चा भरवसा नाही. हा मनुष्य रात्री बोलावले तरी येतो, उधारीवर टोचतो, सुगीला पैसे घेतो. त्याची गरज आपल्या अडचणीतून उभी राहिली आहे. ही अडचण खोटी नाही. मात्र अडचणीत घेतलेली जमीनसुद्धा आपण कागद पाहूनच घेतो, हे विसरू नये.

कायदा काय सांगतो

वैद्यकीचा कागद नवा नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १९१२ सालीच डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. वैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९३८ साली आला. आज राज्यात तीन मुख्य वह्या आहेत, असे समजा. एम.बी.बी.एस. आणि त्यापुढील शिक्षण घेतलेल्यांची नावे महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या वहीत. तिचा कायदा १९६५ चा. आयुर्वेद व युनानीची पदवी असणाऱ्यांची नोंद १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली. होमिओपॅथीची वही वेगळी, तिची परिषदही वेगळी. दातांचे डॉक्टर, परिचारिका आणि औषध देणारे फार्मासिस्ट यांच्याही स्वतंत्र नोंदी असतात.

१९६१ च्या कायद्याचे ३३ वे कलम गावकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही, त्याने वैद्यकी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. अनुभव वीस वर्षांचा असो, हाताला गुण असो, वहीत नाव नसेल तर तो कायद्याने डॉक्टर नव्हे.

आता एक गुंतागुंत. कोणत्या पदवीवाल्याने कोणते औषध द्यावे? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतील एका तरुणाच्या मृत्यूचे प्रकरण आले होते. होमिओपॅथीच्या डॉक्टरने त्याला ॲलोपॅथीची औषधे दिली होती. जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असा निकाल न्यायालयाने दिला. दुसऱ्या बाजूने, खेड्यात डॉक्टर कमी म्हणून राज्य सरकारने १९९२ साली आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांना आधुनिक औषधे देण्यास मान्यता दिली. २०१४ साली कायद्यात बदल करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांनाही मर्यादित वाट मोकळी केली. त्यावर डॉक्टरांच्या संघटनांत वाद आहे आणि कोर्टकचेरीही झाली आहे. त्या वादात आपण पडायला नको. आपल्याला एवढेच पुरे, की समोरच्याची पदवी कोणती आणि नोंदणी कोणत्या वहीत, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवरही लिहायचा असतो.

खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयाला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. त्या कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरांचे पत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. दाखल होण्यापूर्वी भिंतीकडे एक नजर टाकावी.

औषधाच्या दुकानात

औषधाचा कायदा केंद्राचा, १९४० चा. अंमल मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. दुकानाचा परवाना दर्शनी जागी लावलेला असावा लागतो, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. नोंदणीकृत डॉक्टर आपल्या रुग्णाला स्वतःजवळचे औषध देऊ शकतो, पण त्याला दुकान मांडता येत नाही. हजाराच्या आतील वस्तीच्या खेड्यात किराणा दुकानदाराला तापाच्या साध्या गोळ्या, बाम यांसारख्या काही घरगुती औषधांपुरती परवान्याची सूट आहे. तीही मूळ बंद वेष्टनात. सुट्या गोळ्या बरणीत भरून विकायला नव्हे.

गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. काही भारी प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि झोपेची काही औषधे २०१४ पासून आणखी कडक यादीत आहेत. ती देताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. प्रतिजैविके कशीही, अर्धीमुर्धी खाल्ली, तर पिकावरच्या किडीला जशी फवारणी बाधेनाशी होते तसे रोगजंतूंचे होते. म्हणून हा बंदोबस्त.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट पावती.

“दादा, पावती द्या.”

“काकू, चार गोळ्यांची कसली पावती?”

“चार असोत नाहीतर चाळीस, नंबर लिहून द्या.”

असे म्हणायला लाजू नये. तो नंबर म्हणजे बॅच नंबर. एका घाणीत तयार झालेल्या औषधाची ती खूण. त्याचे मोल काय, ते आपल्या राज्याने दोनदा पाहिले आहे.

एकच विष, दोन वेळा

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे द्रव्य मिसळलेले होते. दिसायला ग्लिसरीनसारखेच पातळ, चवीला गोड, पण पोटात गेल्यावर मूत्रपिंडे बंद पाडणारे. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. रुग्णालयाची खरेदी, माल पुरवणारे आणि ज्यांनी तपासायचे ते अन्न व औषध प्रशासन, अशा सर्वांवर आयोगाने कडक ताशेरे ओढले. 

हे विष त्याआधी १९३७ साली अमेरिकेतही शंभराहून अधिक बळी घेऊन गेले होते. त्यानंतर त्या देशाने औषधांचा कायदा कडक केला. एवढे शहाणपण जगाला येऊनही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या औषधात तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडले, ४८ टक्क्यांहून अधिक! तेव्हा आपल्या राज्याच्या प्रशासनानेही सूचना काढली, की एसआर-१३ या बॅचचे औषध कोणाकडे असेल तर वापर ताबडतोब थांबवा आणि कळवा.

आता विचार करा. ज्या घरात बाटली लेबलासकट होती, त्या माउलीने नंबर पाहिला असता आणि बाटली बाजूला ठेवली असती. ज्या घरात औषध दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेले, ना नाव ना नंबर, ती काय पाहणार? मूल वाचवणारी सूचना गावापर्यंत आली तरी घरात शिरायला तिला दार सापडले नसते.

त्याच वेळी केंद्राने दिलेला सल्लाही ध्यानात ठेवा. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देण्याची गरज नसते. कोणतेही औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली, तर औषध बंद करून लगेच दवाखाना गाठावा.

लिहून ठेवणाऱ्याचा गुण

कागदाने जीव कसा वाचतो, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मराठवाड्यातून येऊन १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले लोक तेव्हा मंत्र-उताऱ्यांत वेळ घालवून शेवटी केंद्रात येत आणि डोळ्यांदेखत जात. बावस्करांनी प्रत्येक रुग्ण जवळ बसून पाहिला, नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवला. त्या टिपणांतून कळले, की विष हृदयावर उतरते. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिले, त्याचेही टिपण ठेवले, आणि विंचूदंशाचे मृत्यू फार कमी झाले. ही टिपणे विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध दुकानात आधीपासून होतेच. ते विंचवावर चालते हे कळले ते लिहून ठेवल्यामुळे. मोटारसायकलवाल्याने शंभर जणांना टोचले असेल, पण त्यातून कोणाला काही कळले नाही, कारण त्याने एक ओळ लिहिली नाही.

घरात एवढे करा

१. डॉक्टरांकडे गेल्यावर भिंतीवरची पदवी व नोंदणी क्रमांक पाहा. दिसला नाही तर नम्रपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर नंबर लिहून द्याल का?” खऱ्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

२. सुई टोचण्यापूर्वी औषधाचे नाव लिहून मागा. घरातल्या शिकत्या मुलाकडून ते वहीत तारखेसह उतरवून घ्या.

३. दुकानातून पावती घ्या. पाकीट कापून गोळ्या मिळाल्या, तर नाव, बॅच व मुदत पावतीवर आहे ना ते पाहा.

४. औषध संपले व माणूस बरा झाला तरी चिठ्ठी, पावती आणि लेबल महिनाभर ठेवा.

५. औषधाविषयी शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा बिनपैशाचा फोन १८००-२२२-३६५ आहे. जिल्ह्याचे कार्यालय पेणला आहे. नोंदणी नसलेल्या डॉक्टरबद्दल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

६. रात्री-अपरात्री अडचण आली, तर मोटारसायकलवाल्याच्या आधी १०८ फिरवा.

आमच्या त्या काकी आता बऱ्या आहेत. त्यांच्या घरी तसबिरीमागे बियाण्याच्या पावतीशेजारी दवाखान्याचे कागद खोचलेले असतात. गेल्या लावणीत नातवाला ताप आला, तेव्हा दवाखान्यात त्यांनीच आधी वही पुढे केली आणि म्हणाल्या, “काय दिलंय ते यात लिवून द्या.” डॉक्टरांनी हसत लिहून दिले.

जमिनीचा कागद आपण नातवंडांसाठी जपतो. ती जमीन कसायला नातवंडे धडधाकट राहावीत, म्हणून हाही कागद जपावा.