किल्ली कुणाच्या खिशात?

मुंबईत प्रेम करायला जागा कुठे आहे, हे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शहराकडे पाठ करून बसलेल्या जोड्यांना चांगलं ठाऊक आहे. न्यूयॉर्कमधल्या याच अडचणीवर बिली वाइल्डरने १९६० साली ‘द अपार्टमेंट’ काढला.

जॅक लेमनचा बॅक्स्टर विमा कंपनीत कारकून. सेंट्रल पार्कजवळ एकटाच राहतो. साहेब लोक आपल्या लफड्यांसाठी त्याच्या घराची किल्ली मागून नेतात आणि बदल्यात बढतीची शिफारस करतात. साहेब आत, भाडं भरणारा बाहेर बाकावर कुडकुडत. मग दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेला बॅक्स्टर नाक पुसत, फोनवर एकेका साहेबाची वेळ पुढेमागे करत बसतो. शहरातल्या प्रेमाच्या गुंत्यांवर चित्रपट ढीगभर आहेत. पण एकाची चैन दुसऱ्याच्या अंगावर कशी पडते, हे इतकं हसवत दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

ऑफिसातल्या नाताळच्या पार्टीत तो नवी हॅट घालून ऐटीत असतो. लिफ्ट चालवणारी फ्रॅन (शर्ली मॅक्लेन) त्याला मनापासून आवडते. हॅट कशी दिसते ते पाहायला ती पावडरच्या डबीतला आरसा पुढे करते. आरशाला तडा आहे. हीच डबी घरात सापडली म्हणून त्याने बड्या साहेबाला, शेल्ड्रेकला, परत दिलेली असते. खुलासा कुणी करत नाही. तडकलेल्या काचेतला लेमनचा चेहरा बघा, बस्स.

त्याच रात्री फ्रॅन त्याच्याच घरात झोपेच्या गोळ्या घेते. विनोदी चित्रपटात हे! शेजारचे डॉक्टर तिला वाचवतात. पुढे तिच्यासाठी रांधताना बॅक्स्टर टेनिसच्या रॅकेटवर स्पॅगेटी निथळतो आणि आपण पुन्हा हसतो, तिच्याबरोबर. पाच ऑस्कर मिळाले या चित्रपटाला.

२००७ साली अनुराग बसूने ‘लाइफ इन अ... मेट्रो’मध्ये ही किल्ली शर्मन जोशीच्या हाती देऊन मुंबईत आणली. इथल्या जागेच्या टंचाईत ती चपखल बसली. इरफान आणि कोंकणाची जोडी तर लाजवाब. मात्र एवढ्या जोड्यांच्या गर्दीत किल्लीवाल्याच्या वाट्याला पडदा कमी आला.

वाइल्डर त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. वर्षअखेरीच्या रात्रीसाठी शेल्ड्रेक पुन्हा किल्ली मागतो. बॅक्स्टर बढतीबरोबर मिळालेली साहेबांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याच्यापुढे ठेवतो आणि नोकरीवर पाणी सोडून निघतो. फ्रॅन पुढे काय करते, ते मात्र तुम्हीच पाहा.