आकडी थांबतच नाही तेव्हा... आयसीयूतील किती रुग्ण वाचतात?

नाशिक : आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. काही रुग्णांमध्ये मात्र एकामागून एक औषधे देऊनही ती सुरूच राहते. अशा रुग्णाला भूल देऊन व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते आणि आयसीयूबाहेर नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो : वाचेल का? याचे उत्तर मुख्यतः आकडीमागचे कारण, रुग्णाचे वय आणि पहिले औषध किती लवकर मिळाले यावर ठरते.

हा आजार नेमका काय?

वैद्यकीय भाषेत याला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हातपाय झटकणारी आकडी ५ मिनिटांहून जास्त चालली की ती आणीबाणी समजली जाते. ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. सुरुवातीला लोराझेपाम किंवा मिडाझोलाम देतात. त्याने न थांबल्यास लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉस्फेनिटॉइन दिले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत या तिन्ही औषधांचा गुण जवळपास निम्म्या रुग्णांनाच आला. दोन्ही टप्पे निष्फळ ठरले तर आकडी ‘रिफ्रॅक्टरी’, आणि भूल देऊनही २४ तासांनंतर सुरू राहिली किंवा भूल कमी करताच परतली तर ‘सुपर-रिफ्रॅक्टरी’.

औषधे का चालत नाहीत?

मेंदूतील ‘गाबा’ हे रसायन पेशींना शांत करते. पहिली औषधे त्याच्याच ग्राहींवर काम करतात. आकडी लांबली की हे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. त्यामुळे सुरुवातीला लागू पडणारे औषध उशिरा दिल्यास कमी परिणाम करते.

किती रुग्ण वाचतात?

सुपर-रिफ्रॅक्टरी रुग्णांच्या जगभरातील प्रसिद्ध नोंदींचा आढावा २०१२ मध्ये घेण्यात आला. त्यात सुमारे ३५ टक्के रुग्ण दगावले, तर तितकेच पूर्ववत झाले. उरलेल्यांमध्ये सौम्य ते गंभीर अपंगत्व राहिले.

मात्र कारणानुसार चित्र बदलते. नागपूरजवळच्या गावाचे नाव मिळालेल्या चांदिपुरा विषाणूच्या मेंदूज्वरात मुलांना झटके येतात आणि प्रकृती झपाट्याने ढासळते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ पैकी १८३ मुले दगावली. याउलट, प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याने होणाऱ्या ‘एनएमडीए’ मेंदूदाहाच्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर ८१ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती. त्यांतील अनेकांना सुधारायला महिने लागले. म्हणूनच ‘इतके दिवस शुद्ध नाही’ एवढ्यावरून आशा सोडणे योग्य नसते. आधी कारण शोधावे लागते. वय जास्त असेल किंवा मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने आकडी आली असेल, तर मात्र धोका बराच वाढतो.

नाशिककरांनी काय लक्षात ठेवावे?

सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतून घाट उतरून-चढून शहरात पोहोचेपर्यंत सुरुवातीचा मोलाचा वेळ निघून जातो. त्यामुळे पहिला डोस वाटेतच मिळणे महत्त्वाचे. २०१२ च्या ‘रॅम्पार्ट’ चाचणीत रुग्णवाहिकेत मांडीत मिडाझोलाम दिलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांची आकडी रुग्णालयात पोहोचण्याआधीच थांबली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते.

झटके थांबले म्हणजे आकडी थांबलीच, असे नाही. ती मेंदूत आतल्या आत सुरू असू शकते आणि फक्त ईईजीवर दिसते. रुग्ण शुद्धीवर येत नसेल तर ईईजीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी काय करावे?

- घड्याळ पाहा. ५ मिनिटे झाली की १०८ ला फोन करा.
- रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका.
- कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.
- आकडीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आकडी लांबण्याचे हे नेहमी आढळणारे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.