नवा क्लच बसवला, तरी गिअर का पडत नाही?

आपल्या बीड जिल्ह्यात घरची चारचाकी ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. आजारी माणसाला अंबाजोगाईला न्यायचे असते, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोहोचवायचे असते, आणि एस.टी.ची वेळ प्रत्येक वेळी जुळत नाही. म्हणून अनेक घरांनी पै-पै जोडून जुनी अल्टो, ओम्नी किंवा जीप घेतली आहे. अशा गाडीचा क्लच एक दिवस जातोच. खर्च करून नवा टाकला जातो आणि गॅरेजमधून बाहेर पडताच रिव्हर्स टाकताना 'खर्रर्र' आवाज येतो. मग कोणीतरी सांगते, "गिअर बॉक्स गेला, खोलावा लागेल." घरचा महिन्याचा हिशोब तिथेच कोलमडतो. आमचे सांगणे एवढेच, की गिअर बॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याआधी बाहेरच्या गोष्टी तपासून घ्या. त्यातल्या बऱ्याच फुकटात तपासता येतात.

आधी क्लचचे काम समजून घेऊ. वर्गात आम्ही ते वहीवरून सांगतो. दोन तळहातांत वही घट्ट धरली की हात फिरतील तशी वही फिरते. तळहात सैल केले की वही मोकळी होते. इंजिनाला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील, हा एक तळहात. स्प्रिंगची प्रेशर प्लेट हा दुसरा. मधली वही म्हणजे क्लच प्लेट, आणि ती गिअर बॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा तळहात सैल होतात, प्लेट मोकळी होते आणि गिअर अलगद पडतो.

क्लचचे दुखणे दोन तऱ्हेचे असते. इंजिन जोरात ओरडते पण गाडी ओढत नाही, तेव्हा प्लेट घसरते आहे. याउलट पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, किंवा गाडी हळूहळू पुढे सरकते, तेव्हा क्लच सुटत नाही. नवा क्लच टाकल्यावरची तक्रार बहुधा ही दुसरी असते.

दोष क्लचचा की गिअर बॉक्सचा, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, समोर-मागे कोणी उभे राहू देऊ नका. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, पेडल पूर्ण दाबून दहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनात गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनात खरखरतात, तर संशय क्लचवर. बंद इंजिनातही अडखळत असतील, तर गिअर लिव्हरची जोडणी पाहायला सांगा. गिअर बॉक्स उतरवताना ती सोडावी लागते आणि परत बसवताना चुकू शकते.

संशय क्लचवर आला, तर तपास बाहेरून आत करत जायचा. पहिली गोष्ट पायाखालची. जाड मॅट पेडलखाली अडकली तरी पेडल तळापर्यंत जात नाही.

दुसरी गोष्ट क्लच वायर. मारुती 800, अल्टो अशा छोट्या गाड्यांत पेडलची ओढ वायरने पोहोचते. प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो, म्हणून मिस्त्री वेळोवेळी वायर थोडी ढिली करतात. पुढे नवी, जाड प्लेट बसते आणि प्रेशर प्लेटची बोटे मूळ जागी, म्हणजे आत जातात. वायर मात्र जुन्या मापावर ढिलीच राहिली, तर अर्धे पेडल नुसता ढिलेपणा भरून काढण्यात जाते. क्लच अर्धवट सुटतो. आमच्या एका सहकाऱ्यांच्या बाबतीत हेच झाले. त्यांच्या अम्मींना डायलिसिससाठी नियमित अंबाजोगाईला न्यावे लागते. क्लचवर साडेपाच हजार खर्च झाल्यावर त्यांना गिअर बॉक्सचा आणखी मोठा आकडा सांगितला गेला. ते एका जाणत्या मिस्त्रींकडे गेले. चाचांनी वायरचा नट फिरवला, पेडलचा खेळ मापात आणला, आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. वायर आतून तुटत आलेली असेल तर मात्र नट फिरवून भागत नाही, ती बदलावीच लागते. आणि गरजेपेक्षा जास्त ताणलीत तर बेअरिंग सतत घासत राहते आणि नवी प्लेट घसरून लवकर जाते. खेळ किती हवा, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तिसरी गोष्ट ऑइलवर चालणाऱ्या क्लचची. काही गाड्यांत वायरऐवजी ऑइलची नळी असते. काम करताना नळी सुटली की आत हवा शिरते. ऑइल दाबले जात नसते, हवा मात्र दबते. म्हणून पेडल खाली जाते आणि क्लच जागचा हलत नाही. दोन-चार वेळा पेडल भराभर मारल्यावर गिअर पडत असेल, तर संशय याच हवेवर. मिस्त्रींकडून हवा काढून घ्या. ऑइल सारखे कमी होत असेल, तर वरचा किंवा खालचा सिलिंडर गळतो आहे.

चौथी गोष्ट डोळ्यांनी पाहायची. एकाने पेडल दाबावे आणि मिस्त्रींनी गिअर बॉक्सजवळचा फाट्याचा दांडा किती हलतो ते पाहावे. थोडाच हलला तर दोष वायरचा किंवा नळीचा. पूर्ण हलूनही गिअर पडत नसेल, तरच दोष आत आहे असे समजावे.

आतले दोष बहुतेक बसवण्याचे असतात. प्लेट उलटी बसली, दुसऱ्या मॉडेलची निघाली, दांड्याच्या खाचांत गंजामुळे अडकली, रिलीज बेअरिंग फाट्यात नीट बसले नाही, प्रेशर प्लेटचे बोल्ट एकीकडेच आवळले गेले. गिअर बॉक्स चढवताना त्याचे वजन प्लेटवर लटकले तरी प्लेट वाकते. अशा वेळी गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. पण मग तो कशासाठी उतरवतो आहोत हे मिस्त्रींनाही ठाऊक असते आणि आपल्यालाही.

मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात क्लच सुटेनासा झाला, तर घाबरू नका. वेग ब्रेकने कमी करा, गाडी थांबत आली की गिअर न्यूट्रलमध्ये काढा आणि कडेला घ्या. न्यूट्रल पडले नाही तर ब्रेक दाबून ठेवा, इंजिन आपोआप बंद पडेल. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावा. गिअरमध्ये असताना स्टार्टर मारू नका. गाडी एकदम उसळते.

शेवटी, गॅरेज सोडण्यापूर्वीच दहा आकड्यांची ती परीक्षा मिस्त्रींसमोर करा. जुने भाग परत मागा, सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारे बिल घ्या. हे मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगले मिस्त्री ते आनंदाने देतात, आणि काम पुन्हा करायची वेळ आली तर दुसरी मजुरी कोणी द्यायची हे ठरवताना तोच कागद दोघांच्या उपयोगी पडतो. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. बिल मात्र जपून ठेवलेले हवे.